फोटो, नोंदी, वाचन : घरातला डिजिटल पसारा तुम्ही कसा आवरलात?

ओवी
गेल्या महिन्यात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं. पत्रिकेवर घालायला मला एकच फोटो हवा होता. अंगणात खाटेवर बिबड्या (खानदेशातले ज्वारीचे पापड) वाळत घातल्यात, शेजारी त्या बसल्यात, डोक्यावर पदर, हातात कावळे हाकायची काठी, आणि कुणीतरी काहीतरी बोललंय म्हणून तोंडाला हात लावून हसताहेत. फोटो मीच काढला होता, २०११ च्या मे महिन्यात, चोपड्याजवळच्या आमच्या गावी. त्या वेळी छोटा डिजिटल कॅमेरा होता.

तीन रात्री शोधला. शोधताना कळलं की आमच्या घरचे फोटो सहा ठिकाणी आहेत : माझा फोन, ह्यांचा फोन, जुना लॅपटॉप, दोन हार्ड डिस्क आणि क्लाउड. एकूण ४१ हजारांच्या वर, त्यात एकेक फोटो चारचारदा. शेवटी सापडला तो नणंदेच्या शोकेसमध्ये. चार बाय सहाची प्रिंट, काचेला चिकटलेली. मूळ फाइल अजून मिळालेली नाही.

त्या तीन रात्रींत बाकीचंही दिसलं. माझं लिखाण चार ठिकाणी आहे. नोंदींची दोन ॲपं, स्वतःलाच पाठवलेल्या मेल आणि एक वही. ‘नंतर वाचू’ म्हणून साठवलेले लेख नऊशेच्या वर. ई-पुस्तकं तीन ॲपांत विखुरलेली, त्यामुळे कुठलं पुस्तक कुठे घेतलं ते आठवत नाही.

मला नवीन ॲप नकोय. आहेत ती कमी करायची आहेत. वाचायला, लिहायला आणि फोटो ठेवायला तुम्ही नेमकं काय वापरता? आणि मुख्य म्हणजे आपल्यामागे मुलांना ते उघडता येईल का? सविस्तर लिहा, घाई नाही.

रानवारा
रुमाल टाकून ठेवतोय. हाच घोळ आमच्या घरी आहे.

चष्मेवाला
माझं मत थोडं वेगळं आहे. फोल्डर लावत बसायचा काळ गेला. सगळे फोटो एकाच ठिकाणी ओता आणि शोधा. चेहरा ओळखतं, समुद्र ओळखतं, ‘केक’ म्हटलं की सगळे वाढदिवस येतात. मी चार वर्षांत एकही फोल्डर केलेला नाही आणि काही अडलेलं नाही. आवरण्यात जो वेळ जातो तो फोटो बघण्यात घालवा.

नोंदींचंही तेच. एक ॲप, त्यात सगळं, आणि शोध.

ओवी
@चष्मेवाला, तसं करून पाहिलं. क्लाउडवर सासूबाईंचा चेहरा ओळखून जो संच आला तो २०१४ पासूनचा. त्याआधीचे फोटो तिथे चढलेच नव्हते. जे तिथे नाही ते शोधात कसं येणार? आणि मराठीत ‘बिबड्या’ लिहून काहीच आलं नाही.

तापीकाठ
बिबड्या! म्हणजे ताई, तुम्ही आमच्याकडच्याच. आई मेमध्ये गच्चीवर घालायची आणि राखणीला आम्ही पोरं. निम्म्या ओल्याच पोटात जायच्या. धाग्याशी संबंध नाही, पण वाचून राहवलं नाही.

कारकून
तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्या अनुभवावरून लिहितो.

आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धत होती. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे आणि त्यातला एक गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. शिवाय प्रत्येक नस्तीला (म्हणजे फाइलला) वर्ग असतो. ‘अ’ म्हणजे कायम जपायची, ‘ब’ म्हणजे तीस वर्षं, ‘क’ म्हणजे काही वर्षं, ‘ड’ म्हणजे वर्षभरात काढून टाकायची. सगळ्यात मोठं शहाणपण ‘ड’ वर्गात आहे. कागद हातात आला तेव्हाच त्याचं आयुष्य ठरवायचं, पाच वर्षांनी नव्हे.

निवृत्त झाल्यावर फोटोंना हेच लावलं. गॅसच्या बिलाचा फोटो, दुकानातल्या मिक्सरच्या किमतीचा फोटो, गाडी कुठल्या खांबापाशी लावली त्याचा फोटो, सकाळची फुलं आणि सुविचार : हे सगळं ‘ड’. दर रविवारी चहा पिताना आठवड्याचे ‘ड’ काढतो. दहा मिनिटं लागतात. माझ्या फोनवरचे निम्म्याहून जास्त फोटो ‘ड’ निघाले.

‘अ’ वर्ग वेगळा. वर्षाला शंभराच्या वर जाऊ देत नाही. ते संगणकावर एका फोल्डरमध्ये जातात. फोल्डरचं नाव वर्ष, महिना, मग प्रसंग : ‘२०१९-०२ धाकटीचं बारसं’. वर्ष आधी लिहिलं की संगणक आपोआप क्रमाने लावतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या एक तारखा एकत्र येतात आणि गोंधळ होतो. एवढा एकच नियम पाळा.

@चष्मेवाला, तुमचा शोध मला मान्य आहे, पण शोध लागायला काय शोधायचंय ते आठवावं लागतं. माझ्या नातवाला माझ्या आत्याचं नावच माहीत नाही. तो काय शोधेल? फोल्डर उघडला तर त्याला ती भेटेल.

निळाई
काका, शेवटचा परिच्छेद फार पटला. ‘ड’ वर्गाचं आजच सुरू करते.

कृष्णाकाठ
कारकूनकाकांशी एका बाबतीत सहमत नाही. पुसायची एवढी घाई करू नका.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमचं सांगलीचं घर पाण्यात होतं. खालच्या मजल्यावरचे सगळे अल्बम गेले आणि संगणकही गेला. जे वाचलं ते पुण्याच्या मावसभावाकडे होतं, कारण त्याला कधीतरी एका पेनड्राइव्हवर ‘हे पण घे’ म्हणून सगळंच भरून दिलं होतं. त्यात कितीतरी हललेले, धूसर, बिनकामाचे फोटो होते. आज आमच्या जुन्या घराचं पुढचं दार, त्यावरची पितळी कडी आणि दारामागची बाबांची सायकल एवढं एकाच फोटोत दिसतं, आणि तो फोटो मांजराचा आहे. मांजर हललेलं आहे. कुणीही तो ‘ड’ मध्ये टाकला असता.

ओवीताई, काचेला चिकटलेल्या प्रिंटबद्दल : ती ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. आमचे काही अल्बम ओलेच सापडले, ते स्वच्छ थंड पाण्यात बुडवून, हळूच सुटे करून, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवले. वाळून एकमेकांना चिकटलेले मात्र गेले.

आणि दोन प्रती असून भागत नाही. त्या दोन वेगळ्या गावांत पाहिजेत. कपाटातल्या दोन डिस्क एकाच पाण्यात बुडतात.

कारकून
@कृष्णाकाठ, मांजराच्या फोटोचं वाचून थांबलो. तुमचं बरोबर आहे. माणूस, घर, झाड किंवा रस्ता असलेला फोटो यापुढे ‘ड’ मध्ये टाकणार नाही. बिलं आणि सुविचार जातील.

दर्यावर्दी
रत्नागिरीहून. आमच्याकडे पाण्याइतकीच हवा वाईट. वडिलांच्या निगेटिव्हवर बुरशीची जाळी आली. पावसाळ्यात कपाट उघडलं की वास येतोच. आता निगेटिव्ह आणि हार्ड डिस्क दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. वर्षातून दोनदा डिस्क जोडून उघडून बघतो, गणपतीआधी आणि शिमग्यानंतर. सण धरून ठेवलं की विसरायला होत नाही. जी डिस्क पाच वर्षं कुणी उघडली नाही, ती चालेल असं धरून चालू नका.

लिपीकार
लेखनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बाबांनी २००३ साली स्वतःच्या आठवणी संगणकावर टंकल्या. सत्तर-ऐंशी पानं, दीड वर्ष रोज संध्याकाळी. २०१७ मध्ये ती फाइल उघडली. फाइल उत्तम उघडली, पण पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हं. एक शब्द वाचता येईना. कारण युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) येण्याआधीचे बरेचसे मराठी फॉन्ट हे खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी चित्रं होती. संगणकाच्या लेखी तिथे ‘क’ कधी नव्हताच. फॉन्ट गेला की मराठीही गेली.

परिवर्तक वापरून ऐंशी टक्के सुटलं. उरलेल्यात जोडाक्षरं मोडलेली, रफार भलत्या अक्षरावर, पहिल्या वेलांट्या एक घर सरकलेल्या. नशिबाने बाबांनी एक प्रिंट काढून बाइंडिंग करून ठेवली होती. ती शेजारी ठेवून आईने आणि मी ओळीवर ओळ ताडून पाहिली. तीन महिने लागले. आई वाचायची, मी दुरुस्त करायचो. मध्येच ती थांबायची आणि म्हणायची, हे असं नव्हतं झालं, ह्यांनी वाढवून लिहिलंय. मग त्याची तळटीप घालायचो.

म्हणून माझा नियम एकच. जे लिहायचं ते युनिकोडमध्ये आणि साध्या मजकुराच्या फाइलीत. ठळक नाही, रंग नाहीत, तक्ते नाहीत. ती फाइल फोनवर उघडते, कुठल्याही संगणकावर उघडते. शब्द हवेत, सजावट छापताना करता येते.

मराठी लिहिणाऱ्यांना अजून एक सांगतो, कारण यात माझा बराच वेळ गेला. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘करणाऱ्या’ यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना बऱ्याच ठिकाणी एक दिलं की दुसरं सापडत नाही. माझ्या नोंदींत ‘वाऱ्या’ शोधलं तर निम्मेच यायचे, कारण फोनचा कळफलक एक टंकायचा आणि लॅपटॉपचा दुसरं. शेवटी सगळ्या फाइलींत एकदाच शोधा-बदला चालवलं आणि एकच रूप केलं.

चष्मेवाला
@लिपीकार, हे खरोखर माहीत नव्हतं. आत्ता माझ्या नोंदींत ‘शेतकऱ्या’ शोधून पाहिलं. जो लेख मी स्वतः लिहिलाय, तोच आला नाही. शोधावर माझा फार भरवसा होता, त्याला आज पहिल्यांदा खिंडार पडलं.

चष्मेवाला
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

परदेशस्थ
डुसेलडॉर्फहून. वाचनाबद्दल.

इथे मराठी पुस्तक हातात यायला सुट्टी आणि सूटकेसमधली जागा लागते, त्यामुळे ई-पुस्तकांवाचून माझं चालतच नाही. अडचण ओवीताईंचीच : ज्या दुकानातून घेतलं त्याच दुकानाच्या ॲपमध्ये वाचायचं. मी दोन गोष्टी केल्या. एक, ज्या पुस्तकांच्या फाइली खुल्या मिळतात त्या सगळ्या कॅलिबरमध्ये ठेवल्या. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली आहे, फुकट आहे, आणि पुस्तकं तुमच्याच डिस्कवर लेखकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. उद्या कॅलिबर काढून टाकलं तरी फोल्डर तसेच. दोन, उरलेल्यांची एका साध्या फाइलीत यादी : पुस्तक, लेखक, कुठे घेतलं. बस्स. एकच पुस्तक दोनदा विकत घेणं थांबलं.

ई-साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं पीडीएफमध्ये येतात. फोनवर अक्षर बारीक दिसतं, त्यासाठी एक जुना दहा इंची टॅब ठेवलाय. त्यात मेल नाही, गप्पांचे गट नाहीत, काहीच नाही. फक्त वाचायचं. माझ्या मते वाचनासाठी ‘कमी साधनं’ म्हणजे सगळं एकाच यंत्रात कोंबणं नव्हे. फोनवर वाचायला बसलो की तिसऱ्या पानावर गटातला निरोप येतो आणि पुस्तक तिथेच राहतं.

पानसुपारी
मी छापील पुस्तकंच वाचते आणि वहीतच लिहिते. लाल पुठ्ठ्याची लांब वही, दर वर्षी एक. सत्तावीस झाल्या. वहीला पासवर्ड नाही. मुलांनी कधीही उघडावी.

लिपीकार
@पानसुपारी, वही उत्तमच. एवढंच करा, पहिल्या पानावर वर्ष घाला आणि वर्षाकाठी एकदा फोनने पानांचे फोटो काढून ठेवा. बाबांची प्रिंट नसती तर फाइल वाचली नसती, आणि कृष्णाकाठच्या घरी उलटं झालं. कागद आणि फाइल, दोन्ही लागतात.

आगगाडी
साठवलेल्या लेखांबद्दल. संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. फोटोंचं पिकासा २०१६ मध्ये. लेख साठवायचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला. ही सगळी चांगली साधनं होती आणि लाखो लोक वापरत होते, तरीही गेली. त्यामुळे दुवा साठवणं म्हणजे लेख साठवणं नव्हे, हे मी मनाशी पक्कं केलंय.

आता असं करतो. लेख वाचून झाल्यावर खरंच ठेवावासा वाटला, तरच त्यातला मजकूर उचलून साध्या फाइलीत, वर दुवा आणि तारीख, आणि खाली माझ्या दोन ओळी : हा का ठेवला. दोन ओळी सुचल्या नाहीत तर ठेवत नाही. वर्षात चाळीसेक लेख जमतात. आधी हजारोंनी होते आणि एकही पुन्हा उघडलेला नव्हता. न वाचलेले आठवडाभर ठेवतो, मग जाऊ देतो. सुरुवातीला जिवावर आलं, पण महिनाभरात हलकं वाटायला लागलं.

निळाई
‘दोन ओळी सुचल्या नाहीत तर ठेवत नाही’ हे भिंतीवर लावावं असं आहे.

छायावेध
धागा उशिरा वाचला. ओवीताई, तुमची मूळ फाइल सापडली का? नसेल तर हे करून बघा.

त्या काळच्या छोट्या कॅमेऱ्यांची बॅटरी पूर्ण उतरून बरेच दिवस पडून राहिली, की आतलं घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जायचं. चार्ज करून सुरू केलं की तो तारीख विचारायचा, आणि घाईत आपण ते पुढे ढकलायचो. मग मे २०११ चा फोटो त्याच्या लेखी भलत्याच वर्षाच्या १ जानेवारीच्या आसपासचा. तुम्ही २०११ मध्ये शोधताय, तो कदाचित २००७ किंवा २००८ च्या जानेवारीत बसलाय. खूण सांगतो : वेळ रात्रीची लिहिलेली आणि फोटोत लख्ख ऊन.

आणि व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो तपासताना लक्षात ठेवा, त्यातून काढल्याची तारीख आणि जागा निघून जाते. फाइलच्या नावात आठ आकडी तारीख दिसते ती पाठवापाठवीची, काढल्याची नव्हे. घरच्यांकडून जुने फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते.

ओवी
सापडला! रात्रीचे पावणेबारा वाजलेत आणि मी हे ह्यांना उठवून सांगितलं.

@छायावेध, तुम्ही म्हणालात तस्संच. दुसऱ्या हार्ड डिस्कवर ‘कॅमेरा जुना’ नावाच्या फोल्डरमध्ये, तारीख ५ जानेवारी २००८, वेळ रात्री १:४०. आणि फोटोत डोळे दिपवणारं ऊन. एकटा नाही, त्या सुट्टीतले ६३ फोटो आहेत. स्वयंपाकघराचा एक आहे, त्यात भिंतीवर कालनिर्णयचं मे महिन्याचं पान आणि त्यावर सासूबाईंनी मारलेल्या दुधाच्या खाड्यांच्या फुल्या.

आता प्रश्न. हे सगळे २००८ मध्येच दाखवतंय. प्रत्येकाची तारीख हाताने बदलायची का?

छायावेध
वा! ऐकून फार बरं वाटलं. हाताने काही बदलायचं नाही. घड्याळ चुकीचं होतं, पण चालू होतं, त्यामुळे ६३ फोटोंना फरक सारखाच आहे. एका फोटोची खरी तारीख नक्की सांगता आली की झालं. सण, वाढदिवस, वर्तमानपत्र असं काही दिसतंय का त्यात? तेवढ्या फरकाने सगळे एकदम पुढे सरकवता येतात. डिजीकॅम या फोटोंच्या प्रणालीत वेळ दुरुस्तीची सोय आहे, एक्झिफटूल या दुसऱ्या प्रणालीनेही होतं. दोन्ही फुकट. आधी फोल्डरची एक प्रत काढा आणि मगच हात लावा.

तापीकाठ
ताई, मे २०११ ना? मग त्यात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, असणार! घागर पूजलेली दिसते का बघा.

ओवी
@तापीकाठ, आहे! घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर (खरबूज) आणि मागे आमरसाचं पातेलं. त्या फोटोची तारीख ३ जानेवारी २००८. पंचांगात पाहिलं, २०११ ची अक्षय तृतीया ६ मेला होती. फरक १,२१९ दिवसांचा निघाला. प्रत काढली आणि सगळे ६३ सरकवले. वेळ मात्र अंदाजाने लावली, नैवेद्य बाराच्या सुमाराला होतो ते धरून. म्हणजे बिबड्यांचा फोटो ८ मेचा, रविवारचा.

कारकूनकाका, फोल्डरचं नाव तुमच्या पद्धतीने ठेवलं : ‘२०११-०५ गाव, आखाजी, बिबड्या’. एक प्रत नणंदेकडे नाशिकला चालली आहे. नोंदींचं एक ॲप बंद करून त्यातलं सगळं साध्या फाइलींत उतरवतेय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. नऊशे लेखांतले अकरा ठेवले.

आज सासूबाईंना टॅबवर ते फोटो दाखवले. तुम्ही कशाला हसत होतात, म्हणून विचारलं. आठवत नाही म्हणाल्या. मग पुढचा फोटो आला, त्यात मामंजी त्यांच्या मागे उभे आहेत, हातात ओली बिबडी, अर्धी खाल्लेली. मामंजींना जाऊन बारा वर्षं झाली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मागचा दाखव परत.

छायावेध
ताई, ते दोन फोटो छापून घ्या. शेजारी शेजारी लावा. मॅट कागदावर घ्या आणि फ्रेम करताना काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंटची पट्टी ठेवायला सांगा, म्हणजे पुन्हा चिकटणार नाहीत.